पाणी घालू नका, पाय उचला

आधी पाय उचला. डावा नाही, उजवा. त्या बुटाखाली, दोन बोटं मातीच्या आत मी आहे. हां, आता ठीक. आता बसा त्या कातळावर आणि ऐका, कारण पाऊस सरत आलाय, माझी वेल सुकायला लागलीय, आणि एकदा मी खाली गेले की पुढच्या पावसापर्यंत माझं तोंड बंद असतं.

मी खरपुडी. गवताच्या काडीला धरून उभी आहे ती वेल मी, आणि खाली मातीत लहान बटाट्याएवढा कंद आहे तोही मीच. शिकलेली माणसं मला कंदीलपुष्प म्हणतात, कारण माझं फूल टांगलेल्या कंदिलासारखं दिसतं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली. नाव गोड आहे. मी गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

हा भैरोबाचा माळ. चाकणहून तळवड्याकडे जाताना इंद्रायणी ओलांडायच्या आधी जी सपाट माथ्याची टेकडी लागते, तीच ही. सह्याद्री पश्चिमेला उभा आहे आणि पूर्वेला पाय पसरून बसलाय, त्या पायाचं शेवटचं बोट म्हणजे आम्ही. इथून खाली बघितलं की कंपन्यांचे पत्रे दिसतात, मोकळ्या आवारात रांगेनं उभ्या केलेल्या नव्या गाड्या दिसतात, आणि शिफ्ट सुटली की बसगाड्यांची माळ दिसते. त्यांना आम्ही दिसत नाही. त्यांच्या लेखी ही टेकडी पडीक.

हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पडीक म्हणणाऱ्यानं श्रावणात एकदा इथं पोटावर झोपून बघावं. तुमच्या रुमालाएवढ्या जागेत गवताच्या चार जाती, निळी सीतेची आसवं, किडे खाणारं इवलं दवबिंदू आणि मी, असे सगळे दाटीवाटीनं नांदतो. खाली वीतभर माती, तिच्याखाली नुसता कातळ. मोठं झाड इथं आपणहून येत नाही. ते येत नाही म्हणून तर आम्ही आहोत.

माझा जन्म तसा हलकाच. माझ्या आईच्या शेंगा तडकल्या आणि रेशमी शेंडी असलेलं एक बी वाऱ्यानं उचलून या कातळाच्या फटीत आणून टाकलं. ते मी. आईला मी पुढं कधी पाहिलं नाही, कारण तिला कुशाबाईनं खाल्लं.

दचकू नका. कुशाबाई खालच्या गावची. तेव्हा ती परकरी पोर होती आणि बापाच्या शेळ्या घेऊन रोज माळावर यायची. भूक लागली की काठीच्या टोकानं माती उकरायची, खरपुडीचा कंद काढायची, परकराला पुसायची आणि कचाकच खायची. तिच्या आधी तिची आई खायची. मला त्याचा राग नाही. ती मोठा कंद घ्यायची, बारके तसेच मातीत राहायचे, शेळ्या पुढं सरकायच्या आणि आमचं चालू राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन या लोकांनी आम्हाला संपवलं नाही. संपवायला निघाले ते वेगळेच, आणि ते आमच्यावर माया करत आले.

त्याआधी माझ्या संसाराबद्दल ऐका. माझ्या फुलात रात्रपाळी चालते. संध्याकाळी बारीक माश्या वासाला भुलून नळीत शिरतात. आतले केस खालच्या दिशेनं वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. रात्रभर बसा तिथंच. सकाळी केस सुकून गळतात, तशा माश्या अंगावर पराग घेऊन सुटतात आणि मूर्खासारख्या शेजारच्या फुलात शिरतात. ओव्हरटाइम मी कुणाकडून करून घेत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. पाऊस सरला की मी वरचं सगळं टाकून देते आणि कंदात जाऊन झोपते. हिवाळा झोपेत, उन्हाळा झोपेत. वर कातळ तव्यासारखा तापतो, गवत करपून जातं, आणि खाली कोरड्या मातीत मी मजेत असते. त्या झोपेत मला काही नको असतं. पाणी तर अजिबात नको.

आता अर्जुनरावांकडे येऊ.

अर्जुनराव मूळचे बीडकडचे. त्यांच्या गावात टँकर आला की घागरी घेऊन पळापळ व्हायची, आणि सांडलेल्या थेंबावरून पोरांना मार बसायचा. तिथून ते पिंपरीला आले, कंपनीत फिटर झाले, संत तुकाराम नगरात घर केलं. निवृत्त झाल्यावर नगरातली चार माणसं जमवून त्यांनी टेकडीवर झाडं लावायला सुरुवात केली. तुम्ही या भागातले असाल तर हे रविवारचे लोक तुम्हाला ठाऊक असतील. पहाटे फिरायला येताना दोन्ही हातांत तेलाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून घेतात, धापा टाकत वर चढतात, आपापल्या झाडाला पाणी घालतात आणि मग खाली जाऊन पोहे खातात. मनानं चांगली माणसं. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

अर्जुनरावांची बायको कुसुमताई. गावी घराजवळ एकही झाड नव्हतं म्हणून त्यांना गुलमोहराचं फार वेड. दारात गुलमोहर हवा, एवढंच त्या आयुष्यभर म्हणत राहिल्या. फ्लॅटला कुठलं दार आणि कुठलं अंगण? आजारपणात त्या गेल्या, आणि त्या पावसाळ्यात अर्जुनराव पहार घेऊन माळावर आले. त्यांनी नेमकी माझ्या कुशीत जागा निवडली. पहारेचा घाव माझ्यापासून वितीवर पडला. कातळाच्या फटीत माती सापडली म्हणून गडी खूश. गुलमोहराचं रोप लावलं, आळं केलं, भोवती दगड रचले. मग बराच वेळ त्याच्या पानांवरून हात फिरवत बसले.

“कुसुम, आता माझ्या हातानं पाणी पी,” एवढंच म्हणाले.

मी तेव्हा ऐकलं. म्हटलं, असू दे, दुखावलेला माणूस आहे.

पण उन्हाळा आला. मी झोपलेली, आणि वरून पाणी. आधी वाटलं स्वप्न पडलं. मग माती ओली झाली, ओल माझ्या अंगाला लागली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. अर्जुनराव एकही खाडा करत नव्हते. वैशाखातल्या उन्हात तो माणूस दोन कॅन घेऊन वर चढायचा, आणि थेंबही न सांडता सगळं आळ्यात ओतायचा. इकडे माझी एक बाजू मऊ पडली, मग काळी पडली, मग सडायला लागली. मी ओरडत होते, शिव्या देत होते. मातीखालचं कोण ऐकतं?

रागाच्या भरात मी गुलमोहरीवर घसरले. हो, मी तिला बाईच समजते, कुसुमताईंच्या नावाची आहे ना. तिला म्हटलं, “भटके, तुझ्या लाडापायी माझा जीव चाललाय. कोण कुठली तू, इथं कशाला आलीस?”

ती बिचारी पोरसवदा. म्हणाली, “मी आले नाही, मला आणलं. माझं कूळ आफ्रिकेच्या शेजारच्या मादागास्कर बेटावरचं. माझ्या पूर्वजांचं बी कुणीतरी जहाजात घालून जगभर नेलं. लाल फुलं आवडली म्हणून जिथं तिथं रस्त्याकडेला लावलं. आणि ज्या रानातून आम्हाला उचललं, ते रान तिकडे तोडत आणि जाळत सुटलेत. माझे फोटो साऱ्या जगात आहेत, आणि माझं माहेर कुणाला माहीत नाही.”

तीही माझ्यासारखीच, एका विशिष्ट मातीची लेक. मी माझ्या मातीत सडत होते आणि तिच्या मातीतून तिला कधीच काढलं होतं. त्या दिवसापासून आमचं भांडण संपलं. मुळांनी मुळांशी काय ते बोलायचो. तिनं आपली मुळं माझ्यापासून जरा लांब वळवायचा प्रयत्न केला, पण कातळात जागाच कुठे होती?

मृगाचा पाऊस लागला तेव्हा माझा अर्धा कंद शिल्लक होता. शहाणीनं त्या वर्षी वर यायलाच नको होतं. पण मी हट्टी. म्हटलं, मरायचंच असेल तर सगळ्यांना तोंड दाखवून मरेन. उरलंसुरलं सगळं घातलं आणि एक किरटी वेल वर काढली, आणि श्रावणात तिच्यावर एकच फूल. दगडांच्या आळ्याला टेकून, गुलमोहरीच्या बुडाशी.

ते फूल वर्षालीला दिसलं. वर्षाली म्हणजे अर्जुनरावांची मुलगी. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी, सुट्टीला वडिलांसोबत टेकडीवर यायची, पण झाडांपेक्षा मोबाईलमध्ये डोकं जास्त. त्या दिवशी मात्र ती गुडघ्यावर बसली. फोटो काढला, तिच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना पाठवला. लगेच फोन वाजला. बाई तिकडून इतक्या जोरात बोलत होत्या की मलासुद्धा ऐकू येत होतं.

फोन ठेवून वर्षालीनं वडिलांना बोलावलं. “पप्पा, हे फूल पश्चिम घाट सोडून जगात कुठेही येत नाही. बाई म्हणाल्या, जगात अशा छत्तीस जागा मोजल्यात. तिथलं जीवन दुसरीकडे कुठेच मिळत नाही आणि तिथलं बरंचसं आधीच संपलंय. आपला घाट त्यातली एक. हे बघा, नकाशा पाठवलाय. आणि हे मादागास्कर, तुमचा गुलमोहर तिथला.”

अर्जुनरावांनी चष्मा वर करून नकाशा पाहिला. “मग चांगलंच की. आळ्यात आलंय, त्यालाबी पाणी मिळंल.”

वर्षालीनं माझ्या बुडाशी बोटानं माती बाजूला केली. माझी सडलेली बाजू तिच्या बोटाला लागली. तिनं हात मागं घेतला. अर्जुनराव वाकले. त्यांनी दोन बोटांनी मला चाचपलं, बोटं नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. बापाच्या कांद्याच्या चाळीत वाढलेला माणूस तो. पाणी लागलेल्या कांद्याचा वास त्यांना कुणी शिकवायला नको होता.

“हे माझ्या पाण्यानं झालं,” ते म्हणाले.

तेवढ्यात शेळ्या आल्या आणि मागून कुशाबाई. आता म्हातारी झालीय, पण काठी तीच. “काय हुडकताय सगळी?” तिनं विचारलं.

“आजी, हे फूल बघितलंय का कधी?” वर्षालीनं विचारलं.

“बघाया कशाला पायजे? खाल्लंय की. खरपुडी हाय ती. लहानपनी आमी रोज खायचो. काकडीवानी लागती.”

“खाल्लंय?” वर्षाली पाहतच राहिली. “आजी, ही जगात दुसरीकडे कुठे नाही.”

“आता मला काय ठावं? शेळ्यांनी पन खाल्ली, मी पन खाल्ली. तरी माळभर व्हती. ह्या लोकांनी खड्डं पाडाया लागल्यापासनं कमी झाली बघा.” मग अर्जुनरावांकडे बघून म्हणाली, “राग मानू नका भाऊ. पन तुमी पानी घालता तवा मला वाटायचं, ह्या मानसाला कामधंदा न्हाई.”

अर्जुनराव हसले नाहीत. त्यांना दुसरंच आठवलं होतं. “वर्षाली,” ते म्हणाले, “कंपनीची माणसं या आठवड्यात मशीन घेऊन येणार आहेत. सगळ्या माळावर खड्डे. हजार झाडं. मीच मागं लागून लागून त्यांना तयार केलंय.”

ते खरं होतं. सहा महिने ते त्यांच्या जुन्या कंपनीच्या दारात खेटे घालत होते. माळ हिरवा करायचा, हे त्यांचं स्वप्न. पडीक हा शब्द त्यांनीच तिथं वापरला होता.

वर्षाली म्हणाली, “मग नको म्हणून सांगा.”

“हजार झाडं नको म्हणून सांगू? मी? लोक तोंडात शेण घालतील.”

“आईला चाललं असतं का, तिच्या झाडासाठी दुसऱ्याचा जीव गेलेला?”

अर्जुनरावांनी कॅन उचलले आणि ते उतरायला लागले. मला वाटलं, संपलं. माणूस आपल्या हट्टापुढे जात नाही. मी तरी कुठे गेले होते?

मशीन आलं ते पूर्वेच्या अंगानं. जमिनीत मोठा स्क्रू फिरवून खड्डा पाडणारं ते मशीन. चुन्याच्या खुणांवर एकामागून एक खड्डे पडत होते आणि प्रत्येक खड्ड्यात माझ्या बहिणींचे कंद चिरले जात होते. मातीतून धक्का माझ्यापर्यंत येत होता. कंपनीचा समाधान नावाचा तरुण अधिकारी छत्री धरून उभा होता. बॅनर लागला होता, टोप्या वाटल्या होत्या.

आणि मग अर्जुनराव दिसले. पावसात भिजत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. मशीन आणि माझ्यामध्ये येऊन ते सरळ खाली बसले. मांडी घालून, जसं पंगतीला बसतात.

“काका, उठा, कपडे खराब होतील,” समाधान म्हणाला.

“मशीन बंद करा. इथं झाडं नकोत.”

समाधानला वाटलं थट्टा चाललीय. “काका, अर्ज तुमचा आहे. तुम्हीच तर म्हणालात माळ पडीक आहे.”

“म्हणालो. मला कळत नव्हतं. खाली ओढ्याच्या कडेला लावा, कंपनीच्या भिंतीला लावा, चिखलीच्या रस्त्याला लावा, मी स्वतः खड्डे पाडतो. माथ्यावर नको. माथा भरलेला आहे.”

टोपीवाल्यांत कुणीतरी हसलं. “आजोबांचं वय झालं.” रविवारच्या गटातलेच दोघे चिडून म्हणाले, “अर्जुनराव, आमची तोंडं काळी केलीत तुम्ही.” एक जण तर त्यांना झाडांचा दुश्मन म्हणाला. त्या माणसाला, ज्यानं आयुष्यात झाडाशिवाय काही मागितलं नव्हतं. मला त्या क्षणी दात असते तर एकेकाला फोडून खाल्लं असतं.

अर्जुनराव बसून राहिले. वर्षालीनं छत्री आणली ती त्यांनी नाकारली. कुशाबाईनं शेळ्या आणून त्यांच्याभोवती सोडल्या आणि स्वतः शेजारी फतकल मारली. “चालवा आता मशीन, बघू,” ती म्हणाली. शेळ्यांच्या अंगावर मशीन घालायची कुणाची छाती होईना. समाधान वाईट पोरगा नव्हता. तो बराच वेळ फोनवर बोलला, मग त्यानं ड्रायव्हरला हात केला. हजारांतली उरलेली झाडं ओढ्याच्या कडेला गेली. तिथं ती बरी वाढताहेत, माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव गुलमोहरीला न्यायला आले. पहार आणली नव्हती. बाप-लेकीनं हातांनी माती काढली, माझ्या बाजूनं तर नखांनी. तिचा मुळासकट गोळा गोणपाटात बांधला. सुटताना तिचं एक मूळ माझ्या अंगावरून घासून गेलं. मी तिला म्हटलं, “जा बाई. तिथं जाऊन बहर आणि सगळ्यांना सांग, मी मादागास्करची.” अर्जुनरावांनी तिला लहान लेकरासारखं खांद्यावर घेतलं. आता ती संत तुकाराम नगरात त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी आहे. आधी पानं गाळली, मग फुटली, असं वर्षाली सांगत होती. कुसुमताईंना दारात गुलमोहर मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला.

पुढचा उन्हाळा आला. एका रविवारी ओळखीची पावलं वाजली आणि माझी झोप मोडली. अर्जुनराव आले होते, आणि हातात भरलेला कॅन. सवय. इतक्या वर्षांची सवय एका वर्षात जाते थोडीच. ते माझ्याजवळ बसले. वर करपलेलं गवत, आळ्याचे विखुरलेले दगड, आणि मी कुठेच दिसत नव्हते. त्यांनी कॅनचं झाकण काढलं. पाण्याचा वास मातीपर्यंत आला. टँकरमागं धावलेल्या त्या माणसाला समोरच्या तापलेल्या जमिनीवर पाणी न ओतता बसणं किती जड जात असेल, हे मला तेव्हा समजलं.

कुशाबाई सावलीतून ओरडली, “एवढं वझं वर आनलंय तर वता की एकदाचं.”

“नाही,” अर्जुनराव म्हणाले. “ती झोपलीय.”

त्यांनी दोन घोट स्वतः प्यायले, ओंजळभर कुशाबाईला दिलं आणि उरलेलं तिच्या शेळ्यांपुढं ठेवलं. माझ्या अंगावर एक थेंब आला नाही. इतकी गाढ झोप मला कधीच लागली नव्हती.

यंदा मला दोन फुलं आली. सडलेली बाजू गेली ती गेलीच, पण उरलेल्या बाजूनं मी नवा कंद धरलाय. पूर्वेकडचे खड्डे अजून तसेच आहेत. तिथल्या बहिणी परत येणार नाहीत, आणि त्याबद्दल मी कुणाला माफ केलेलं नाही, अर्जुनरावांनासुद्धा नाही. ते रविवारी रिकाम्या हातानं येतात, माझ्याजवळ बसतात. माफी ते मागत नाहीत, मी देत नाही. आमचं बरं चाललंय.

तुम्हाला मात्र सांगते. मला कुंडीत नेऊ नका, माझ्याभोवती कट्टा बांधू नका, मला हिरवं करायला येऊ नका. तिकडे मादागास्करात, आणि नकाशावरच्या त्या बाकी जागांत, माझ्यासारख्या कितीजणी जीव मुठीत धरून बसल्या असतील. त्यांनाही तुमची दया नको असेल, जागा हवी असेल. आम्ही तुमच्या आधीपासून इथं आहोत आणि तुम्ही मध्ये आला नाहीत तर नंतरही राहू.

काढला फोटो? मग उठा. हातातली ती पाण्याची बाटली तुम्हीच प्या. आणि उतरताना पायवाट सोडू नका, खाली बघून पाऊल टाका. काल माझी शेंग तडकली. बी वाऱ्यावर गेलंय, आणि ते कुठे पडलंय हे अजून मलासुद्धा माहीत नाही.